विषय : समदाब मिळणेबाबत

मला अर्ज उत्तम लिहिता येतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कबुली म्हणून सांगतो आहे. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात एकवीस वर्षं काढल्यावर माणसाला दुसरं काय येणार? कुणाची रजा अडो, कुणाच्या सासऱ्यांचं पेन्शन अडो, आमच्या इमारतीतला माणूस कोरा कागद घेऊन चौथ्या मजल्यावर माझ्याकडे येतो आणि मी त्याला 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं सजवून देतो. त्या अर्जांचं पुढे काय झालं, हे विचारायची पद्धत मी ठेवलेली नाही.

तर या विद्येपायी मी मध्यंतरी आईला जवळजवळ घालवून बसलो होतो. घालवून म्हणजे तसं नव्हे, आई ठणठणीत आहे. हे लिहितो आहे तेव्हा ती स्वयंपाकघरात बसून बायकोला भाजी निवडायची योग्य पद्धत शिकवते आहे, आणि लग्नाला अठरा वर्षं झालेली माझी बायको ती शिकल्यासारखं करते आहे. त्या दोघींचे आवाज कानावर येताहेत म्हणूनच मला हे सगळं हसत सांगता येतं आहे. दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर मी उठून आत निघून गेलो असतो.

आई माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे असते. दादाचं घर तळमजल्यावर, ऐसपैस, नळाला धो धो पाणी. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने फोनवर सांगितलं की, ऑपरेशन झालं की महिनाभर धाकट्याकडे राहीन. धाकटा म्हणजे मी. मी या घरात आलो त्याला नऊ वर्षं झाली; या नऊ वर्षांत आई माझ्याकडे दुपारी येऊन संध्याकाळी परत गेली आहे, पण 'राहीन' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. फोन ठेवून मी बायकोला सांगितलं तर तिने लगेच पाहुण्यांची चादर धुवायला काढली. मग धुवायला पाणी नाही म्हणून परत घडी करून ठेवली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा मोजकं बोलतो आणि बरोबर बोलतो. थोरल्या भावांचा हा फार वाईट गुण आहे. तो म्हणाला, "तुझ्याकडे पाणी चढत नाही. तुम्ही दोघं खालून बादल्या आणता. ते आईला बघवणार नाही, ती स्वतः बादली उचलेल. डॉक्टरांनी वजन उचलायला आणि वाकायला बंदी केलीय. आधी पाणी चढव, मग आईला ने."

आई बादली उचलणार हे मलाही ठाऊक होतं. ऑपरेशन, मग तपासण्या, असे सगळे मिळून तीन आठवडे माझ्या हातात होते.

आता पाण्याचं नीट समजावून सांगतो. आमच्याकडे सकाळी सहा ते साडेसात पाणी येतं. म्हणजे इमारतीत येतं. गच्चीवरची टाकी आम्ही राहायला येण्याआधीच फुटलेली आहे, आणि नवी टाकी गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात बसवावी यावर इमारतीच्या आठ सभा होऊन गेल्या आहेत. त्यामुळे रस्त्यावरून आलेला एकच उभा पाइप भिंतीला धरून वर चढतो आणि ज्याच्या त्याच्या घरात पाणी देत येतो. तळमजल्यावरचे हवालदार काका, म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले, सहाच्या ठोक्याला बागेला पाणी सोडतात. पहिल्या मजल्यावर कपडे, दुसऱ्यावर अंघोळी, तिसऱ्यावर पिंपं भरणं. चौथ्या मजल्यावर आमचा नळ एक सुस्कारा टाकतो आणि गप्प होतो. मग मी आणि बायको अंगणातल्या नळावरून बारा बादल्या वर आणतो.

काकांना दोन शब्द सांगावेत, असं बायको म्हणाली. पण काका आणि माझ्यात दोन वर्षांचा अबोला होता. एकदा त्यांच्या बागेच्या पाइपाविरुद्ध मी त्यांना एक लेखी निवेदन दिलं होतं, तीन प्रतींत. तेव्हापासून ते मला जिन्यात पाहिलं की भिंतीकडे बघायचे. अशा माणसाकडे तोंड वेंगाडत जायचं म्हणजे स्वाभिमान गुंडाळून ठेवायचा. त्यापेक्षा सरळ सरकारला लिहावं, असं मी ठरवलं.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना भूगोलवाले सर म्हणतात. अर्जाला शास्त्रीय आधार हवा म्हणून मी त्यांच्याकडे गेलो, आणि माझं दुखणं ऐकून सरांचा चेहरा उजळला. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आमची इमारत काढली, पाइप काढला आणि प्रत्येक मजल्यावर एक वळणदार रेघ ओढली. मग खालच्या रेघांवर मोठे आकडे आणि वरच्यांवर लहान आकडे घालून ते म्हणाले की, या समभार रेषा. समान वायुभार असलेली ठिकाणं जोडणारी रेषा म्हणजे समभार रेषा, हे त्यांनी मुलांकडून चौतीस वर्षं घोकून घेतलं होतं. वायुभाराचा आणि माझ्या मोरीचा काय संबंध, असं मला क्षणभर वाटलं, पण शब्द फार आवडला. 'समभार' या शब्दात न्याय आहे, वजन आहे, आणि खालच्या मजल्यांना टोमणाही आहे.

रात्रीच्या जेवणाआधीच मी अर्ज हातावेगळा केला. पाण्याला पाणी म्हणणं मला अर्जात बरं वाटत नाही. संस्कृतात त्याला 'जीवन' असा सुंदर शब्द आहे. मी लिहिलं : 'सविनय निवेदन करण्यात येते की, सदर इमारतीत ऊर्ध्व दिशेने होणारा जीवनाचा संचार उत्तरोत्तर क्षीण होत जाऊन चतुर्थ मजल्यावर तो लुप्त होतो. तरी सर्व मजल्यांवर समभार प्रस्थापित करण्याची कृपा व्हावी.' बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं की, कोण गेलं?

नगर कार्यालयात सगळ्या खात्यांचे अर्ज एकाच खिडकीवर घेतात. तिथल्या आवक कारकुनाच्या हातात लाल पेन्सिल होती. त्याने अर्ज वाचला नाही. वरून खाली नजर फिरवली, एका शब्दाखाली रेघ मारली, शिक्का उठवला आणि कागद मागच्या ढिगात टाकला. त्याचा वेग पाहून मला त्याच्याविषयी आदरच वाटला.

चौथ्या दिवशी माणूस आला. बायकोने त्याला आत घेतलं, पाणी द्यायला गेली, आणि बादलीतलं द्यावं लागतं म्हणून नेहमीसारखी शरमली. त्या माणसाने मात्र नळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो मीटरकडे गेला. तो वीज खात्याचा होता. 'भार' म्हटलं की वीज. भारनियमन, वाढीव भार, तसा समभार. कारकुनाने 'भार'खाली रेघ मारली होती. वीजवाला खूश होता. लोक नुसतं वीज गेली म्हणून ओरडतात, पण भार तिन्ही तारांवर सारखा वाटला पाहिजे हे कळणारा नागरिक त्याला नोकरीत पहिल्यांदाच भेटला होता. त्याने दोन तास खपून आख्ख्या इमारतीचा भार सारखा केला. ते करताना त्याला दिसलं की आमचा गिझर मंजुरीपेक्षा जास्त भाराचा आहे. त्याने गिझरला सील ठोकलं आणि नवी मंजुरी मागण्यासाठी अर्ज करा म्हणाला. आमच्याकडे न येणारं पाणी आता गरमही होणार नव्हतं.

मी सुट्टी टाकून खिडकीवर गेलो. कारकून सौजन्याने म्हणाला, "भार लिहिलंत म्हणून वीज. दुसरा शब्द लिहा, दुसरं खातं येईल." मला तो वाद घालण्याजोगा माणूस वाटला नाही.

सरांकडे गेलो तर त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. हल्लीच्या पुस्तकांत 'भार' काढून 'दाब' घातला आहे. आता 'समदाब रेषा' म्हणतात. अर्थ तोच, समान दाबाची ठिकाणं जोडणारी रेषा. भार म्हणजे वजन, दाब म्हणजे दाबणं, असा शास्त्रशुद्ध फरक त्यांनी मला खुर्चीत बसवून, माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रात्यक्षिकासह समजावला. मला तो लगेच पटला. वर्तमानपत्रात रोजच येतं, अमुक भागाला कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. दाब म्हटलं की पाणीच.

नव्या अर्जात मी 'समभार' काढून 'समदाब' घातला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पत्रव्यवहार विभागातल्या माणसाला एक वाक्य सुचलं की ते गिळता येत नाही. मी लिहिलं : 'चतुर्थ मजल्यावर गेली नऊ वर्षे कमी दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला असून तो पुढे सरकण्याची कोणतीही चिन्हे नाहीत.' कारकुनाने त्या वाक्याखाली आख्खी रेघ मारली. मी कौतुकाने पाहत राहिलो.

आता वाट पाहणं आलं. दरम्यान आईचं ऑपरेशन झालं, छान झालं. दुसऱ्या दिवशी तिने काळा चष्मा लावून फोन केला आणि विचारलं की तुझ्याकडे खिडकीशी बसायला जागा आहे ना. मी म्हटलं आहे. मागून दादाचा आवाज आला, पाणी चढलं का विचार. मी म्हटलं, सरकारदरबारी प्रकरण आहे. हे उत्तर देताना मला माझी फार लाज वाटली.

सरांनाही एव्हाना स्वस्थ बसवत नव्हतं. सरकारच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, समदाब आपणच आणू, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांचं म्हणणं असं की खालच्या मजल्यांवर दाब जास्त आहे. तो उतरवला की सगळे मजले एका पातळीवर येतील. अंगणात, उभा पाइप सुरू होतो तिथे, एक मोठा लोखंडी कॉक आहे. सरांनी सकाळी सहा वाजता तो निम्मा फिरवला. मी पाना धरला होता, हे सत्य मी लपवत नाही.

समदाब आला. तळमजल्यावर करंगळीएवढी धार, पहिल्या मजल्यावर थेंब, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्यावर अगदी सारखंच, म्हणजे काही नाही. सर वर येऊन प्रत्येक नळाखाली हात धरून गेले आणि सिद्धान्त बरोबर असल्याचं म्हणाले. मग कॉक परत फिरवायला गेलो तर तो गंजाने असा आवळला होता की हलेना. दोन दिवस आख्खी इमारत अंगणातल्या नळावर बादल्या घेऊन रांगेत उभी होती आणि रांगेतला प्रत्येक जण आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या बादलीकडे बघत होता. सरांना कुणी काही बोललं नाही, कारण सर वयाने मोठे. एकंदर इमारतीचा दाब माझ्यावर होता. तिसऱ्या दिवशी प्लंबरने तो कॉक सोडवला, पण तोवर हवालदार काकांच्या बागेतली निम्मी रोपं माना टाकून बसली होती. काका भिंतीऐवजी थेट माझ्याकडे बघायला लागले. त्यापेक्षा भिंत बरी होती.

आई शनिवारी यायची होती; चार दिवस उरले आणि हवामान खात्याच्या निरीक्षक बाई आल्या.

पन्नाशीच्या, शांत, हातात पितळी बिजागऱ्यांची लाकडी पेटी. पेटीत वायुदाबमापक. त्यांनी अंगणातच मला अर्ज दाखवून विचारलं की नऊ वर्षं हलला नाही असा कमी दाबाचा पट्टा कुठे आहे, कारण त्यांच्या खात्याच्या माहितीप्रमाणे असा पट्टा चार-पाच दिवसांत विरतो. मी काही बोलायच्या आत त्या जिना चढू लागल्या. त्यांना धाप लागत होती म्हणून प्रत्येक मजल्यावर थांबून त्या पेटी उघडायच्या आणि आकडा टिपून घ्यायच्या. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत इमारतभर झालं होतं की दाब तपासायला बाई आल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी बाही वर करून दारातच उभ्या होत्या. त्यांच्यामागे त्यांचे यजमान, त्यांच्यामागे पहिल्या मजल्यावरून धावत आलेली दोन माणसं, सगळ्यांचे उजवे हात उघडे. मावशींनी आपल्या गोळ्यांची यादीही आणली होती. निरीक्षक बाईंनी प्रत्येकाला हात जोडून सांगितलं की हा हवेचा दाब आहे. मावशींनी तरीही हात पुढेच ठेवला आणि म्हणाल्या, असू द्या, आलाच आहात तर.

चौथ्या मजल्यावर बाईंनी शेवटचा आकडा टिपला, वजाबाकी केली आणि म्हणाल्या की तुमचं म्हणणं खरं आहे, तळमजल्यापेक्षा इथे दाब दीड मिलिबारने कमी आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा सरकारने माझं म्हणणं मान्य केलं होतं. माझा ऊर भरून आला. मग त्या म्हणाल्या की असा तो जगातल्या प्रत्येक चौथ्या मजल्यावर असतो.

बायकोने त्यांना पाणी दिलं आणि अर्जात न लिहिलेलं सगळं सांगून टाकलं : नळ, बादल्या, आईचे डोळे, शनिवार. बाईंनी अर्ज पुन्हा वाचला, दोन्ही बाजू उलटून पाहिल्या.

"यात पाणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तेच तर," मी म्हणालो. "पाणी कुठेच नाही."

"अर्जात म्हणतेय मी. पाणी हा शब्दच नाही."

मी 'जीवन'वर बोट ठेवलं. बाईंनी अर्जाची घडी घातली. मग शाळेतल्या मुलाला सांगावं तशा सांगू लागल्या. "वारा का वाहतो? इथे दाब जास्त, तिथे कमी, म्हणून. समदाब रेषेवरच्या दोन गावांत दाब सारखा, मग वाऱ्याला एकीकडून दुसरीकडे जायला कारणच नाही. पाण्याचंही तसंच. नळाच्या आत आणि नळाच्या बाहेर समदाब झाला की पाणी जागचं हलत नाही. तुमच्याकडे नऊ वर्षं आहे तो समदाबच आहे. तुम्ही जे नको आहे तेच मागताय."

मी खाली बसलो. दोन अर्ज, एक रजा, एक सीलबंद गिझर आणि निम्मी बाग एवढं खर्ची घालून मी सरकारकडे कोरड्या नळाची मागणी करत होतो, आणि तीही सविनय. मी विचारलं, मग काय मागू?

"फरक मागा," त्या म्हणाल्या. "खालच्यांनी अर्धा तास नळ बंद ठेवले तर पाण्याला खाली वाट उरणार नाही, ते वर येईल. त्याला खातं लागत नाही. खालच्यांना विचारलंत का कधी?"

बायको माझ्याकडे बघत होती. बाई पेटी मिटून उतरल्या. जाताना त्यांनी मावशींच्या मनगटावर दोन मिनिटं बोटं ठेवली आणि नाडी छान आहे म्हणाल्या.

संध्याकाळी मी खाली गेलो. खरं सांगायचं तर रिकाम्या हाताने जायचा धीर झाला नाही, म्हणून एक छोटंसं निवेदन लिहून नेलं. हवालदार काका रोपांना काठ्या बांधत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"चष्मा आत आहे," ते म्हणाले. "आणि तुमचं लिहिलेलं मला चष्मा लावूनही कळत नाही. काय असेल ते तोंडाने बोला."

मला 'महोदय' आठवलं, 'उपरोक्त' आठवलं, पण त्याच्या पुढचं काही आठवेना. मी म्हणालो, "आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काका. ती माझ्याकडे राहायला येणार आहे. वर पाणी चढत नाही, आणि ती बादल्या उचलेल."

काकांनी हातातली दोरी खाली ठेवली. "कधी येतेय?"

"शनिवारी."

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

ते मला दोन वर्षांनी 'तू' म्हणाले होते. काका आत गेले, चष्मा आणि एक जुना कागद घेऊन आले. माझंच ते निवेदन, पहिली प्रत. त्यांनी बोट ठेवलं त्या जागी बागेच्या पाइपाला मी 'अंगणात स्वैर विहरणारी सर्पाकृती नलिका' असं म्हटलं होतं. काकांना त्यातलं 'अंगणात' आणि 'सर्प' एवढंच कळलं. बागेत साप निघाल्याचं मी लेखी कळवलं आहे, असं समजून त्यांनी सापवाल्याला बोलावला. दोघांनी दोन दिवस बाग खणली. साप निघाला नाही. म्हाताऱ्या माणसाची अशी थट्टा करणाऱ्याशी बोलायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं. बागेच्या पाइपाबद्दल माझी काही तक्रार होती हे त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. मी त्यांची माफी मागितली, तोंडी. त्यांनी कागद माझ्याच हातात दिला आणि रोपाला काठी धरायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अंगणात शिट्टी वाजली. हवालदारी शिट्टी, तीस वर्षं वाजवलेली. त्या शिट्टीनंतर नळ चालू ठेवायची कुणाची छाती नव्हती. आदल्या रात्री काका प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगून आले होते : साडेसहा ते सात, तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत सगळे नळ बंद, वर म्हातारी बाई यायची आहे. लोकांनी कारण विचारलं नाही, तक्रार केली नाही. मावशी तर म्हणाल्या, एवढंच होतं तर आधीच सांगायचं. हे वाक्य मला त्या आठवड्यात चार जणांनी ऐकवलं.

आम्ही दोघं मोरीत नळासमोर उभे होतो. नळाने सुस्कारा टाकला. मग तो खोकला. मग त्याने हवा सोडली, गंजाचं तांबडं पाणी थुंकलं, पुन्हा थांबला, आणि एकाएकी धार लागली. जाड, सरळ, बादलीच्या तळावर आपटणारी. बायकोने पदर खोचला आणि घडी करून ठेवलेली ती पाहुण्यांची चादर आणायला धावली. मला रडू आलं. पाण्यासाठी रडणारा मी काही पहिला नाही, पण पाणी आल्यावर रडणारे थोडे असतील.

शनिवारी दादा मुद्दाम पाण्याच्या वेळी, सकाळीच आईला घेऊन आला. आई काळा चष्मा लावून, दादाचा हात धरून, प्रत्येक मजल्यावर थांबत चढली आणि प्रत्येक मजल्यावर तिचं स्वागत झालं, कारण तिच्यासाठी सगळे रोज अर्धा तास नळ बंद ठेवत होते आणि त्यांना ती बघायची होती. दादा घरात आल्या आल्या मोरीत गेला. पावणेसात वाजले होते. त्याने नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले, नळ बंद करून परत सोडून पाहिला. मग टॉवेल शोधत म्हणाला, "बरं आहे पाणी." दादाच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सोहळाच.

कागदपत्रांचंही सांगायला हवं, कारण सरकार काही विसरत नाही. त्या लाल पेन्सिलवाल्या कारकुनाला हवामान खात्याकडून माझा अर्ज 'पाणी' असा शेरा लिहून परत आला, आणि त्याने तो पाणीपुरवठा खात्याकडे पाठवला. तिथला माणूस पुढच्याच आठवड्यात पाहणीला आला, तोही नेमका साडेसहा ते सातच्या मध्ये. महिन्याअखेरीस पत्र मिळालं : 'स्थळपाहणी केली असता चौथ्या मजल्यावर पाणी पुरेशा दाबाने येत असल्याचे आढळून आले. सबब अर्जदाराची समदाबाची मागणी मान्य झाली असे समजून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' ते पत्र सरांनी मागून नेलं आणि आपल्या भिंतीवर लावलं. गिझरचं सीलही निघालं. त्या अर्जात मी फक्त 'गिझर चालू करून द्या' एवढंच लिहिलं होतं आणि तो तीन दिवसांत मंजूर झाला. या गोष्टीचा मी अजून नीट विचार केलेला नाही.

आई रोज सकाळी शिट्टी वाजली की नळाशी जाऊन बसते. उचलत काही नाही, नुसता हात धरते धारेखाली. मग सात वाजता दुसरी शिट्टी झाली की खिडकीतून खाली काकांना हात करते. काका सलाम ठोकतात. महिना कधी संपला ते कळलंच नाही.

काल संध्याकाळी दादाचा फोन आला. मीच घेतला. आईला न्यायला रविवारी येतो म्हणाला. मी फोनवर हात ठेवून आईला सांगितलं. ती बायकोबरोबर भाजी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं की रविवारीच कशाला. मी म्हटलं, महिना झाला ना. आईने एक देठ मोडला.

"न्यायचं असेल तर अर्ज कर म्हणावं त्याला," ती म्हणाली. "आणि अर्ज तू लिहून दे. म्हणजे मला इथे वर्षभर तरी काळजी नाही."